चौथी चूक

जुन्या ऑफिसात तिला सगळे 'पणबाई' म्हणायचे. मीटिंगमध्ये माना डोलावून झाल्या, वह्या मिटल्या, खुर्च्या मागे सरकल्या, की कोपऱ्यातून हिचा आवाज यायचा, "पण..." आणि मिटलेल्या वह्या पुन्हा उघडाव्या लागायच्या. सतरा वर्षं तिने लिफ्टचं सॉफ्टवेअर लिहिलं. दार कधी उघडायचं आणि कधी मुळीच उघडायचं नाही, दोन मजल्यांच्या मधे वीज गेली तर काय, दारात कुणाचा हात असेल तर काय. एवढ्या वर्षांत तिच्या लिफ्टच्या दारात कुणाचं बोटसुद्धा चेमटलं नव्हतं. मग त्या कंपनीला दुसऱ्या कंपनीने गिळलं. नव्या मालकांकडे स्वतःचं सॉफ्टवेअर तयार होतं. एका मंगळवारी सकाळी पणबाईसकट सोळा जणांच्या हाती पुठ्ठ्याची खोकी आली आणि दुपारी जेवायच्या सुट्टीआधी त्यांची टेबलं रिकामी झाली.

चव्वेचाळिसाव्या वर्षी नोकरी शोधायची तिला सवय नव्हती. तरी विमानं बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीची जाहिरात दिसली तेव्हा ती ताठ बसली. 'सुरक्षेशी संबंधित सॉफ्टवेअरचा अनुभव असलेले इंजिनियर हवेत.' हे तर माझंच वर्णन आहे, असं म्हणत तिने त्याच दिवशी अर्ज केला.

चौथ्या दिवशी भरती विभागातल्या मुलीचा फोन आला. आवाज गोड, पाठ केल्यासारखा.

"तुमचा अनुभव लिफ्टचा आहे? म्हणजे ती... वर-खाली जाते ती?"

"हो, तीच. विमानही वर-खालीच जातं. मधे थोडं आडवं जातं."

पलीकडे हसू आलं नाही. "आमची निवडप्रक्रिया जरा कठीण असते मॅडम. तुम्ही तयारी करा. सहा आठवड्यांनी बोलावू."

तयारी! सतरा वर्षं केली ती काय होती मग? तिने फोन ठेवला तो आपटलाच. पण नोकरी हवी होती, म्हणून तिने बहिणीच्या मुलीला बोलावलं.

भाची चोवीस वर्षांची, तिसऱ्या नोकरीत होती आणि इंटरव्ह्यू देण्यात पटाईत. ती दर शनिवारी-रविवारी सकाळी यायची, हातात मार्करचा डबा, खांद्याला लटकणारा घडीचा पांढरा बोर्ड. घरात मोकळी भिंत एकच होती, ती नवऱ्याच्या कामाच्या खोलीत. नवरा दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायचा. खोलीभर प्लास्टरचा पांढरा भुगा, खिडकीशी पॉलिश करायचं छोटं मशीन, आणि फळीवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे, प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर टाकलेला.

"बरं झालं," भाची म्हणाली, "परीक्षकांसमोर बोलायची सवय होईल. बघ, सगळे कसे दात काढून बसलेत."

"यातले निम्मे तरी मला घेतील," मावशी म्हणाली. "यांना बोलता येत नाही."

भाचीने मोबाइलवर पंचेचाळीस मिनिटं लावली. "पहिला प्रश्न. शंभर पायऱ्यांचा जिना आहे. एका वेळी एक किंवा दोन पायऱ्या चढता येतात. वर पोचायचे एकूण किती वेगवेगळे मार्ग? बोलत बोलत सोडव."

"लिफ्ट बसवा म्हणावं."

"मावशी!"

"अगं, शंभर पायऱ्या चढणाऱ्या माणसाचं हृदय आधी तपासावं लागेल."

नवरा मशीन बंद करून हसत राहिला. भाची हसली नाही. ती मावशीवर माया करणारी होती, म्हणूनच कडक होती. "हे असंच विचारतात. तू हसण्यावारी नेलंस तर दहा मिनिटांत बाहेर."

मग मावशीने सोडवलं. आधी चुकलं, मग अर्धं जमलं. बोर्डावर उभं राहून, कुणी मागून बघत असताना, घड्याळ टिकटिकत असताना तिने आयुष्यात कधी कोड लिहिला नव्हता. जुन्या ऑफिसात एकेका ओळीवर चार-चार दिवस वाद व्हायचे. एकदा तर दार बंद होण्याआधी किती क्षण थांबायचं या एका आकड्यासाठी ती महिनाभर हॉस्पिटलच्या, शाळेच्या, वृद्धाश्रमाच्या लिफ्टसमोर स्टूल टाकून बसली होती, काठी टेकत येणारी माणसं मोजत. ते कुणी विचारणार नव्हतं.

"का नाही विचारणार?" ती चिडून म्हणायची.

"कारण ते मोजता येत नाही. त्यांना तुझं काम बघायचं नाही, तुला पारखायचं आहे."

"काम न बघता पारखणार कशावरून? दात बघून?"

"तुमचा सगळ्यात मोठा दुर्गुण सांगा," भाची पुढच्या प्रश्नाला हात घालायची.

"मूर्ख प्रश्न सहन होत नाहीत."

"नाही गं! 'मी कामात फार बारकाईने लक्ष घालते, त्यामुळे कधी कधी वेळ लागतो' असं म्हणायचं. आणि हसायचं."

"म्हणजे खोटं बोलायचं आणि वर हसायचं."

असे पाच आठवडे गेले. भाचीने सांगून सांगून दाताच्या कण्या केल्या. मावशी चिडत, कुरकुरत, भांडत शिकली मात्र. चाळीस-पंचेचाळीस कोडी सोडवली. आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान मुलांनी लिहिलेली उत्तरं वाचून काढली, त्यातल्या काहींना मनातल्या मनात शाबासकीही दिली. आपलं डोकं गंजलेलं नाही हे कळून तिला बरं वाटलं. पण राग काही गेला नाही. ज्या कामासाठी घेणार त्या कामाबद्दल एक अक्षर नाही, आणि जिन्याच्या पायऱ्या मोजत बसायचं, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

सहाव्या आठवड्यात कंपनीकडून चाळीस पानांची पुस्तिका आली. सोबत सहीसाठी कागद: यातला मजकूर कंपनीबाहेर कुणाला दाखवणार नाही. पहिल्याच पानावर ठळक लिहिलं होतं, 'खालील कोड काल्पनिक उपकरणाचा आहे. उमेदवाराने तो वाचून त्यातल्या चुका शोधाव्यात. दुसऱ्या फेरीत त्यावर चर्चा होईल.'

तिने सही केली, पुस्तिका उघडली आणि तिचा चेहराच बदलला. हे खरं काम होतं. विमानाचा वेग मोजणारे तीन सेन्सर. तिघांचे आकडे येतात, कोड ते ताडून बघतो. दोघांचं जुळलं आणि तिसरा फारच वेगळा निघाला, तर तिसऱ्याला बाद करायचं आणि दोघांवर विश्वास ठेवायचा. साधं, सरळ. तिने तीन दिवस त्यावर काढले. सकाळी नवरा कामाला बसला की तीही त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसायची, भुगा झटकून पानं पसरायची.

तीन चुका तिला पहिल्या दिवशीच सापडल्या. त्या इतक्या उघड होत्या की मुद्दाम घातल्यात हे कळत होतं. चौथी तिसऱ्या दिवशी दुपारी सापडली. तिने पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ हलली नाही.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

पान त्याला दाखवायचं नव्हतं, सही केली होती. तिने फळीवरचे तीन जबडे उचलून टेबलावर ओळीने ठेवले.

"समज, हे तिघं जण तुला सतत काहीतरी सांगतायत. हे दोघं एकाच वायरने बोलतात. ती वायर जिथून येते ती पेटी क्षणभर अडकली. मग काय होईल? हे दोघं शेवटचा आकडाच पुन्हा पुन्हा सांगत बसतील. दोघांचा एकच. तंतोतंत."

"बरं."

"आणि हा तिसरा खरा चालू आहे. विमानाचा वेग बदलतोय तसा याचा आकडा बदलतोय. आता कोड काय म्हणेल?"

नवऱ्याने तिन्ही जबड्यांकडे पाहिलं. "दोघांचं जुळतंय. हा वेगळा बोलतोय. म्हणजे हाच खोटा."

"आणि त्याला कायमचा बाद. विमान उतरेपर्यंत परत घ्यायचंच नाही."

"अगं, पण हे दोघं तर मेलेले आहेत!"

"ते ओळखणारी ओळ कोडमध्ये आहे. पण ती नंतर येते. आधी जिवंत माणसाला बाहेर काढतात, मग नाडी तपासतात, मग म्हणतात अरेच्चा, हे दोघंही गेलेले. शेवटी हाती कोण राहिलं? कुणीच नाही." तिने पुस्तिका मिटली. "आमच्या लिफ्टच्या दाराला अगदी असंच झालं होतं, दहा वर्षांपूर्वी. गोदामातल्या रिकाम्या लिफ्टवर झालं म्हणून निभावलं. दोन ओळींची जागा बदलली की मिटलं."

"म्हणजे तुला चारही सापडल्या. मग हरखून जायला हवं."

"हो," ती म्हणाली. पण तिला काहीतरी खटकत होतं. पहिल्या तीन चुका शाळेच्या पेपरातल्यासारख्या होत्या. ही चौथी कुणी मुद्दाम घातलेली वाटत नव्हती. ही खऱ्या माणसाकडून खऱ्या घाईत होते तशी चूक होती.

मुलाखतीच्या दिवशी पहिल्या फेरीत एका तरुण मुलाने तिला बोर्डासमोर उभं केलं. प्रश्न जिन्याचा नव्हता, फरशा बसवायचा होता, पण आतून तोच होता. तिने बोलत बोलत सोडवला, मधे एकदा अडली, स्वतःच सावरली. मुलगा खूश दिसला. दुसऱ्या फेरीला काचेच्या खोलीत विभागप्रमुख बसले होते. इस्त्रीचा शर्ट, समोर एक कागद पालथा ठेवलेला. शेजारी भरती विभागातली ती गोड आवाजाची मुलगी, टिपणं घ्यायला.

"पुस्तिका वाचलीत? काय सापडलं?"

तिने तीन चुका पाच मिनिटांत सांगितल्या. विभागप्रमुखांनी कागद उलटा करून तीन खुणा केल्या. "उत्तम. फार कमी जणांना तिन्ही सापडतात."

"चौथी आहे," ती म्हणाली.

"चौथी नाहीये."

"आहे ना." आणि तिने सांगितली. एक वायर, दोन थिजलेले सेन्सर, चुकीच्या क्रमाने आलेल्या दोन ओळी.

विभागप्रमुखांनी कागद पुन्हा पाहिला, जणू तो बदलला असेल. "नाही मॅडम. उत्तरात तीनच आहेत. ह्या ओळीला आम्ही हात लावलेला नाही. ही मूळ कोडमधलीच आहे."

भरतीच्या मुलीचं पेन थांबलं.

"मूळ कोड म्हणजे?" तिने विचारलं. "वर तर काल्पनिक लिहिलंय."

"ते आपण सोडून देऊ."

"नाही, सोडून कसं देऊ? हा कोड तुमच्या विमानात आहे का?"

"ती माहिती मी देऊ शकत नाही. आणि हे बघा," त्यांनी खुर्चीला पाठ टेकली, चेहऱ्यावर समजूतदार हसू आणलं, "तुमचा अनुभव लिफ्टचा आहे. विमानात गोष्टी वेगळ्या असतात. हा कोड सात पातळ्यांवर तपासला जातो."

"सात जणांनी बघितला म्हणून ओळ आपोआप जागा बदलत नाही. तुम्ही तरी आत्ता वाचा. दोनच ओळी आहेत. पान एकतीस."

त्यांनी पान एकतीस उघडलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर, शांतपणे, पुस्तिका मिटून कागदाखाली सारली. "मतभेद झाल्यावर तुम्ही माघार कशी घेता, हाही आमच्या मुलाखतीचा एक भाग असतो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी बरोबर असताना? नाही घेत."

दोन दिवसांनी निकाल आला. 'तांत्रिक ज्ञान समाधानकारक. संघात काम करण्याची वृत्ती कमी. मुद्दा सोडत नाहीत. निवड नाही.'

भाचीने तो मोबाइलवर वाचला आणि डोकं धरलं. "मावशी, मी तुला शंभरदा सांगितलं, उत्तर सांगायचं आणि पुढे जायचं! तीन खुणा झाल्या होत्या. संपलं होतं तिथे!"

"अगं, ते विमानात आहे."

"असेल. तपासतात ते. एवढी मोठी कंपनी आहे."

"तो माणूस पान उघडायला तयार नव्हता! मला घेऊ नका, शंभर वेळा घेऊ नका. पण पान तर उघडा! उद्या त्यात कुणी बसलं असेल. तू बसली असशील."

भाचीने मोबाइल पालथा ठेवला.

त्याच दिवशी तिने कंपनीच्या सुरक्षा विभागाच्या ईमेल पत्त्यावर सविस्तर लिहिलं. पान, ओळ, वायर, क्रम, सगळं. एका मिनिटात उत्तर आलं. 'आमच्या कंपनीत नोकरी करण्याची इच्छा दाखवल्याबद्दल आभार.' तिचं नाव उमेदवारांच्या यादीत असल्यामुळे पत्र थेट भरती विभागाकडे वळलं होतं. तिने पुन्हा लिहिलं. उत्तर आलं, 'निवडीच्या निकालावर फेरविचार केला जात नाही.' तिने तिसऱ्यांदा लिहिलं, 'मला नोकरी नको आहे. तुमचं विमान पडू नये एवढीच इच्छा आहे.' त्यावर उत्तर आलं, 'सहा महिन्यांनंतर आपण पुन्हा अर्ज करू शकता.'

"मी स्वतः जाते," ती म्हणाली.

"कुणाकडे?" नवऱ्याने विचारलं.

"जो भेटेल त्याच्याकडे."

नवऱ्याने हातातली कवळी खाली ठेवली, हात धुतले. "थांब, मी सोडतो. तुला एकटीला सोडलं तर त्या फाटकाचं काही खरं नाही."

सकाळी साडेनऊला ती कंपनीच्या फाटकाशी उभी राहिली. पहारेकऱ्याने वही पुढे केली. "कुणाला भेटायचंय ताई?"

"वेग मोजायच्या पेटीची चाचणी जो करतो त्याला."

"नाव?"

"नाव माहीत नाही. काम माहीत आहे."

पहारेकरी बिचारा गोंधळला. नियमाप्रमाणे त्याने तिला परत पाठवायला हवं होतं. पण तिने त्याला ताडकन विचारलं, "तुम्ही विमानात बसता का कधी?"

"मुलगी परदेशी असते. वर्षातून एकदा जातो आम्ही दोघं."

"मग फोन लावा."

त्याने एक फोन लावला. तिथून दुसऱ्या नंबरवर पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्यावर. ती फाटकाशेजारच्या बाकावर बसून राहिली. दोनदा भरती विभागातून निरोप आला की मॅडमना सांगा, निकाल अंतिम आहे. दोन्ही वेळा तिने, "त्यांना सांगा, मला ठाऊक आहे," असं सांगितलं. शेवटी साडेअकराला आतून एक माणूस चालत आला. साठीला टेकलेला, पांढरी दाढी, कानावर छोटा स्क्रूड्रायव्हर खोचलेला. चाचणी विभागाचा मुख्य तंत्रज्ञ.

"तुम्हीच का त्या मुद्दा न सोडणाऱ्या?" त्याने विचारलं.

"कुणी सांगितलं?"

"सगळ्या मजल्यांवर फोन फिरलाय तुमचा. बोला, काय आहे? माझ्याकडे पाच मिनिटं आहेत."

तिने दोन मिनिटांत सांगितलं. तो ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याचे डोळे बारीक झाले. त्याने फक्त एक प्रश्न विचारला. "ती पेटी अडकते तेव्हा शेवटचा आकडा पाठवत राहते, की गप्प बसते?"

"पुस्तिकेतल्या चित्राप्रमाणे पाठवत राहते. खरी पेटी काय करते ते तुम्हाला माहीत."

त्याने कानावरचा स्क्रूड्रायव्हर काढला. "इथेच बसा," म्हणाला आणि आत गेला, येताना होता त्यापेक्षा जलद.

पाच मिनिटांचे तीन तास झाले. पहारेकऱ्याने तिला पाणी दिलं, मग चहा. ती मनात भांडत बसली होती, विभागप्रमुखांशी, गोड आवाजाशी, त्या तीन खुणांशी. आपण चुकलो असलो तर? हाही विचार आला. चुकलो असलो तर बरंच होईल, असंही तिला वाटलं, आणि लगेच स्वतःचाच राग आला. हो, नाक कापलं जाईल. पण वर आकाशात सगळं ठीक असेल.

तंत्रज्ञ परत आला तेव्हा स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातातच होता.

"आमच्याकडे टेबलावर खरी पेटी आहे, विमानात असते तीच," तो हळू म्हणाला. "मी एक सेकंद ती अडकवली, तिचा श्वास कोंडला. चांगला सेन्सर बाहेर फेकला गेला. मग उरलेले दोघंही गेले. पडद्यावर जुनाच वेग दिसत राहिला, जसं काही झालंच नाही. अकरा वेळा करून बघितलं. अकराही वेळा तेच."

ती बाकावरून उठली. तिला आनंद व्हायला हवा होता. तिला रडू आलं, आणि ते रागाचं होतं. "पान एकतीस," ती म्हणाली. "त्यांनी उघडलंसुद्धा नाही हो."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "मीही त्या सात पातळ्यांपैकी एक आहे. माझी सही आहे त्याच्यावर. आम्ही प्रत्येक सेन्सर एकेकटा बंद पाडून बघितला. दोन एकदम, सारखेच अडकतील, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "आता मी वर जातो. मला नोकरीवरून काढलं तरी आज हे थांबतं."

त्याला काढलं नाही. पुढच्या आठवड्यात ते उपकरण बसवलेल्या सगळ्या विमानांना सूचना गेली. सॉफ्टवेअर बदलेपर्यंत वैमानिकांनी काय करायचं तेही त्यात होतं. सूचनेची पहिली ओळ तंत्रज्ञाने फोनवर वाचून दाखवली: 'कंपनीच्या नियमित अंतर्गत तपासणीत असे आढळून आले की...'

"अंतर्गत?" ती ओरडली. "मी फाटकाच्या बाहेर बसले होते! बाकावर! पाच तास!"

"मी तुमचं नाव घातलं होतं. वर काढून टाकलं. उमेदवारांची माहिती गोपनीय असते म्हणाले."

"आता आठवली गोपनीयता!"

ती भांडली. तीन पत्रं लिहिली, एकदा पुन्हा फाटकावर गेली. भाचीने या वेळी अडवलं नाही, उलट पत्रं तिनेच टाइप करून दिली, एकेका शब्दाला धार लावून. उपयोग झाला नाही. सूचनेतली ओळ बदलली नाही, आणि तिच्या निकालाचा कागदही नाही. 'मुद्दा सोडत नाहीत' हे कंपनीच्या कपाटात आजही तसंच आहे.

महिन्याभराने गोड आवाजाचा फोन आला. या वेळी आवाज पाठ केलेला नव्हता, चाचरत होता. विभागप्रमुखांच्या विभागात जागा आहे, पुन्हा मुलाखत द्यावी लागणार नाही, फक्त झालेल्या प्रकाराबद्दल बाहेर बोलू नये एवढी अपेक्षा आहे.

"त्यांना सांगा," ती म्हणाली, "तोंड बंद ठेवायची नोकरी मी करत नाही." आणि फोन ठेवून दिला.

नवऱ्याने पॉलिशचं मशीन बंद केलं. "बरोबर केलंस," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "जड गेलं का?"

"हो," ती म्हणाली. "गेलं."

दोन दिवसांनी तंत्रज्ञाने स्वतः फोन केला. त्याच्या चाचणी विभागात एक जागा होती. हुद्दा खालचा, खोली तळमजल्यावर, खिडकी नाही. "अट काही नाही," तो म्हणाला. "चुकलेलं दिसलं की ओरडायचं, एवढंच काम. मी दोन वर्षांनी निवृत्त होतो. त्याआधी मला अशी एक व्यक्ती इथे बसवून जायचंय. कुणी बोलू नका म्हणालं तर माझ्याकडे पाठवा."

तिने एक दिवस मागून घेतला आणि होकार दिला.

विभागप्रमुखांनी तिला दोन महिने ओळख दाखवली नाही. जिन्यात समोर आले की मोबाइलमध्ये बघायचे. तीही बघायची नाही, राग तिचाही गेला नव्हता आणि जावा असं तिला वाटतही नव्हतं. मग एके दिवशी सकाळी ते तळमजल्यावर आले. हातात जाडजूड फाइल.

"नवीन उपकरण आहे," ते टेबलाकडे बघत म्हणाले. "सहा जणांनी तपासलंय. एकदा नजर टाकाल? घाई नाही. मी ठेवून जातो."

"ठेवून जाऊ नका," ती म्हणाली. तिने शेजारच्या खुर्चीवरच्या वायरी उचलून बाजूला केल्या. "बसा. पान एकेक करून तुम्हीच उलटा. मी वाचते."

ते क्षणभर उभे राहिले. मग बसले, आणि त्यांनी पहिलं पान उघडलं.